बारा वर्षं चाललेली शर्यत

१० ऑगस्ट २०१२. आमच्या लंडनमधल्या ऑलिंपिकची महिलांची १५०० मीटर अंतिम शर्यत मी लेकीबरोबर टीव्हीवर पाहिली. तुर्कस्तानच्या दोघी पहिल्या-दुसऱ्या आल्या. दहावी आलेल्या ब्रिटनच्या लिसा डॉब्रिस्कीने नंतर शंका बोलून दाखवली, तेव्हा "हरली म्हणून बोलतेय," असं मीच म्हणालो!

पुढे पहिल्या नऊ जणींपैकी पाच उत्तेजकांच्या प्रकरणांत बाद ठरल्या. आम्ही संगणकवाले जुने लॉग तपासतो, तशा वर्षानुवर्षांच्या रक्तनोंदी ठेवणाऱ्या 'जैविक पासपोर्ट'ने विजेतीची चोरी पकडली. सुवर्ण बहारीनच्या मरियम जमालकडे गेलं. २०२४च्या निकालानंतर सहावी आलेली अमेरिकेची शॅनन रोबरी कांस्याची मानकरी ठरली. लिसा आता पाचवी.

पदक मागाहून मिळतं, त्या रात्रीच्या टाळ्या मिळत नाहीत. लेकीला मी एवढंच सांगितलं, "तेव्हा माझं चुकलं."