राज्यघटनेचा उत्सव आणि मारेकऱ्याचे थडगे

एर्विन बेल्त्स हा जर्मन डॉक्टर वैद्यक शिकवण्यासाठी १८७६ मध्ये तोक्योला आला. त्याच्या रोजनिशीतील १८८९ च्या सुरुवातीच्या नोंदी मी पुनःपुन्हा वाचल्या आहेत. तेरा वर्षे जपानमध्ये काढलेल्या या जाणत्या शिक्षकाला न उलगडलेल्या दोन गोष्टी तिथे जवळजवळ आल्या आहेत.

पहिली गोष्ट उत्सवाची. ११ फेब्रुवारीला सम्राट राज्यघटना जाहीर करणार म्हणून सारे शहर कमानी आणि रोषणाईने सजत होते. पण घटनेत काय आहे, हे कोणालाच ठाऊक नाही, याची बेल्त्सला गंमत वाटते. मसुदा इतो हिरोबुमी आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे तयार केला होता.

दुसरी गोष्ट शोकाची. त्याच दिवशी सकाळी समारंभाला निघालेल्या शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांना निशिनो बुन्तारो या तरुणाने भोसकले. इसे येथील पवित्र देवस्थानात मोरींनी हातातल्या काठीने पडदा उचलल्याची बातमी पसरली होती. त्या अपमानाचा हा सूड होता. निशिनो जागीच मारला गेला. मोरी दुसऱ्या दिवशी वारले. पण लोकांची रीघ लागली ती यानाका येथील निशिनोच्या थडग्यावर! तिथे जाणाऱ्यांत विद्यार्थीही होते. आपल्याच शिक्षणमंत्र्याच्या मारेकऱ्यापुढे विद्यार्थ्यांनी मान लववावी, हे बेल्त्सला सुन्न करणारे होते.

मराठी वाचकाला इथे १८९७ चे पुणे आणि चापेकर बंधू आठवतील. पण रँड परक्या सत्तेचा अधिकारी होता; मोरी स्वकीय मंत्री होते. म्हणून परकीय सत्तेवरचा रोष हे उत्तर इथे लागू पडत नाही.

ही नुसती धर्मांधता होती, असेही मला वाटत नाही. नव्या घटनेबरोबर आलेल्या कायद्यानुसार पंधरा येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होते. म्हणजे जेमतेम एक टक्का लोकसंख्येला. उरलेल्यांना राजकारणात दोनच जागा होत्या : कमानीखाली जयजयकार करायची आणि थडग्यापाशी उदबत्ती लावायची. पहिली सरकारने नेमून दिली होती, दुसरी लोकांनी स्वतः शोधली. एका माणसाच्या खुनाला त्यामुळे पुण्याई लाभली, ही त्या शोधाची भयंकर किंमत. मतपेटी नाकारलेला समाज आपले मत स्मशानात नोंदवतो.

१९०१ मधल्या भाषणात बेल्त्सने जपानी लोकांना बजावले, की तुम्ही पाश्चात्त्य विज्ञानाची तयार फळे मागता; ते झाड कसे वाढते, हे समजून घेत नाही. राज्यघटना हेही असेच वरून हाती ठेवलेले फळ होते. विज्ञानाबाबत त्याने नेमके ओळखलेले हे दुखणे १८८९ च्या त्या गर्दीलाही लावून पाहिले असते, तर त्याचे कोडे बरेचसे सुटले असते.