सुधारणेची किल्ली कोणाकडे? मद्रास, स्टुअर्टपुरम आणि आपलं सोलापूर

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की लढाया आणि किल्ले सोडून तुरुंगांवर कधी बोलणार? आज बोलतो. पण तुरुंगाच्या भिंतींबद्दल कमी, भिंतीबाहेर काय झालं त्याबद्दल जास्त. गुन्हा होऊ नये म्हणून समाजानं, सेवाभावी संस्थांनी काय केलं आणि सुटून आलेल्या माणसाला परत उभं करण्याच्या नावाखाली काय काय झालं, हा आजचा विषय.

सुरुवात चेन्नईपासून. तिथे सेंट्रल स्टेशनजवळ, पार्क टाऊन भागात, २००९ पर्यंत मद्रासचा मध्यवर्ती तुरुंग उभा होता. १८३७ सालचा. आता त्या जागेवर मद्रास मेडिकल कॉलेजच्या इमारती आहेत, आणि कैदी २००६ पासून शहराबाहेर पुझलच्या नव्या कारागृहात गेले. आपल्या मराठी माणसाच्या आठवणीत मद्रास आणि शिक्षा हे दोन शब्द एकत्र येतात ते सावरकरांमुळे. १९११ साली त्यांना अंदमानला नेणारी 'महाराजा' बोट याच शहराच्या बंदरातून सुटली. पण याच मद्रासमधला एक साहेब पुढे अंदमानची ती वसाहत बंद करा असं लिहून गेला, हे फारसं कोणी सांगत नाही.

त्याचं नाव सर अलेक्झांडर कार्ड्यू. मद्रास इलाख्यातला आयसीएस अधिकारी. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीचा तो अध्यक्ष होता. त्या समितीच्या अहवालाचं सार साध्या मराठीत सांगायचं तर एवढंच, की कैद्याला नुसतं डांबून आणि दळण दळायला लावून काही साधत नाही, त्याला सुधारून परत पाठवणं हे तुरुंगाचं काम आहे, आणि सुटल्यावर त्याच्याकडे बघणारं कोणीतरी हवं. लहान मुलांना मोठ्या कैद्यांत ठेवू नका, असंही समितीनं बजावलं. मद्रासनं मुलांसाठीचा कायदा १९२० मध्येच केला, सगळ्या प्रांतांच्या आधी. मुंबईचा आला १९२४ ला. पुढे प्रोबेशनचा, म्हणजे पहिल्या चुकीला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली घरी सोडण्याचा कायदाही मद्रासचा १९३६ चा, आपल्या मुंबई प्रांताचा १९३८ चा, आणि अख्ख्या देशाचा थेट १९५८ चा. सुटलेल्या कैद्यांना मदत करणाऱ्या सोसायट्याही या काळात मूळ धरू लागल्या. कागदावर पाहिलं तर मद्रास सगळ्यांच्या पुढे.

आता कागद बाजूला ठेवा. कारण ज्या काळात हे चांगले कायदे होत होते, त्याच काळात, त्याच इलाख्यात, हजारो माणसं कुठलाही गुन्हा शाबीत न होता तारेच्या कुंपणात राहत होती. आणि त्या कुंपणाची किल्ली सरकारकडे नव्हती, एका धर्मादाय संस्थेकडे होती.

गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. तो मद्रास इलाख्यात लागू झाला १९११ च्या सुधारित कायद्यानं. एखाद्या जमातीत जन्म झाला म्हणजे तुम्ही गुन्हेगार, असा सरळ हिशेब. नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, हजेरी लावा, परवान्याशिवाय गाव सोडू नका. सरकारला वाटलं तर अख्खी जमात उचलून एका वसाहतीत बसवता येत होती, आणि ती वसाहत चालवायला एखाद्या संस्थेला देता येत होती.

तेलुगू मुलुखातल्या बापटलाजवळची स्टुअर्टपुरमची वसाहत अशीच, १९१३ च्या सुमाराची. आज ती आंध्रात आहे, तेव्हा मद्रास इलाख्यात. मद्रास सरकारातले सर हॅरॉल्ड स्टुअर्ट यांचं नाव तिला दिलं. चालवायला दिली साल्व्हेशन आर्मीला. या आर्मीत आमच्यासारखी बंदूक नसली तरी गणवेश, हुद्दे आणि शिस्त मात्र सगळी होती. तिचा भारतातला म्होरक्या फ्रेडरिक बूथ-टकर. हा गडी मोठा विलक्षण. सरकारी आयसीएसची नोकरी सोडली, १८८२ साली मुंबईत काम सुरू केलं, भारतीय कपडे घातले, 'फकीर सिंग' असं नाव घेतलं. मनात दया होती, यात मला शंका नाही. पण गुन्हेगारी हा एक रोग आहे आणि त्यावर आपल्याकडे औषध आहे, असं त्याचं मत होतं. त्या औषधशास्त्राला त्यानं 'क्रिमिनोक्युरॉलॉजी' असं इंग्रजी नावही काढलं. एकदा माणसाला रोगी ठरवलं, की त्याची परवानगी कोण घेतो?

स्टुअर्टपुरममध्ये आणलेले लोक मुख्यतः येरुकुल, म्हणजेच कोरव. आपल्याकडचे कैकाडी त्यांच्याच नात्यातले, बोलीसुद्धा जवळची. हे लोक मुळात चोर होते का? मीना राधाकृष्ण या अभ्यासक बाईंनी मद्रासची दफ्तरं खणून काढली. त्यांतून दिसतं ते असं. कोरव बैल-गाढवांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून किनाऱ्यावरून आतल्या गावांत न्यायचे. इंग्रजांचं मिठाचं धोरण आलं, मग रेल्वे आली, १८७६-७८ चा दुष्काळ आला. धंदा बसला. आणि धंदा बसलेला फिरता माणूस गावकऱ्यांना आणि पोलिसांना संशयित वाटू लागला. आपल्या लमाणांच्या तांड्यांचं झालं तेच. रस्ते आणि रेल्वे आल्या, बैलांचे तांडे मोडले, आणि कालचा व्यापारी आज 'गुन्हेगार' ठरला.

वसाहतीत त्यांना शेतीवर बसवायचं ठरलं. जमीन सगळी चांगली नव्हती. पुढे चिराला इथल्या तंबाखूच्या कारखान्याला मजूर हवे होते, ते वसाहतीतून गेले. पळून न जाणारे, हजेरीला बांधलेले मजूर. कारखानदाराला आणखी काय हवं? मुलं आईबापांपासून वेगळी ठेवली, कारण आईबापांची सवय मुलांना लागू नये. संस्था म्हणाली, आम्ही सुधारतोय. सरकार म्हणालं, आमचा खर्च वाचतोय. आतल्या माणसाला कोणी विचारलं नाही.

हजेरीबद्दल मला दोन शब्द बोललेच पाहिजेत. मी अख्खं आयुष्य रोल कॉलमध्ये काढलं. सकाळी पीटीला नाव, संध्याकाळी नाव. जवानाला त्यात अपमान वाटत नाही, कारण त्यानं स्वतःहून वर्दी घातलेली असते आणि महिनाअखेरीस पगार मिळतो. पण म्हातारीला, बाळंतिणीला, ज्यानं कधी कोणाचं कणीसही मोडलं नाही अशा पोराला, केवळ जातीवरून रोज हजर व्हायला लावायचं, याला शिस्त म्हणत नाहीत. मदुराईकडच्या कळ्ळर लोकांनी नोंदणीला विरोध केला, तेव्हा ३ एप्रिल १९२० रोजी पेरुंगामनल्लूर गावात पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून जास्त माणसं मेली, त्यात एक बाईही होती. साल पाहिलंत? मुलांसाठी दयाळू कायदा झाला तेच साल.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आपल्या सोलापुरात अशीच वसाहत होती, अमेरिकन मराठी मिशननं चालवलेली, आणि तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची. कैकाडी समाजातले लक्ष्मण माने आणि 'उचल्या'चे लक्ष्मण गायकवाड यांची पुस्तकं वाचली असतील तर कायदा गेल्यावरही तो शिक्का किती पिढ्या पुसला जात नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मद्रासनं हा कायदा १९४७ मध्ये रद्द केला, देशानं ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पण मद्रासनं लगेच १९४८ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. दार उघडलं, कडी राहिली.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच मातीत आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत सुरू झाली. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर, या दोघांचं डोकं. फरक काय? इथे आलेले लोक खरोखर गुन्हा केलेले होते, काही तर खुनाचे. तरी भिंत नाही, कुंपण नाही, बायकामुलं सोबत. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' याच कल्पनेवर, आणि त्याची कथा गदिमांची, जे त्याच माणदेशातले. म्हणजे बघा, निरपराध माणसांना तार आणि खुन्यांना मोकळं रान, आणि टिकलं कोणतं? स्वतंत्रपूर आजही आहे.

आता अलीकडे येऊ. १९९३ मध्ये तमिळनाडूत रामनाथपुरमचे पोलीस अधीक्षक प्रतीप फिलिप यांनी 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' सुरू केलं. हा अधिकारी १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या हत्येच्या स्फोटात जखमी झाला होता. २०२१ मध्ये निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कोर्टाची परवानगी काढून पुराव्यातली ती रक्ताळलेली टोपी आणि नावाची पट्टी पुन्हा अंगावर घातली होती. त्यांची कल्पना साधी होती. साधे नागरिक, गुन्ह्याची नोंद नसलेले, पक्षाचे नसलेले, पोलिसांना गस्तीत, रहदारीत, माहिती देण्यात मदत करतील आणि लोकांची पोलिसांबद्दलची भीती कमी होईल. कल्पना राज्यभर गेली, परदेशात वाखाणली गेली.

मग जून २०२० आला. थूथुकुडी जिल्ह्यातल्या सातानकुलममध्ये, लॉकडाऊनमध्ये दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवल्याच्या आरोपावरून एका बापाला आणि मुलाला ठाण्यात नेलं, आणि काही दिवसांत दोघंही मेले. सीबीआयनं पोलिसांवर खटला भरला. पण लोकांच्या तोंडी आणखी एक नाव आलं, फ्रेंड्स ऑफ पोलीसचं. ठाण्यात त्या रात्री असलेले स्वयंसेवक आमचे नव्हते, असं संघटनेचं म्हणणं होतं. तरी जुलैमध्ये सरकारनं संघटनेवर बंदी घातली. आमचे की दुसरे, हा वाद मला दुय्यम वाटतो. साध्या कपड्यातला माणूस ठाण्याच्या आतल्या खोलीपर्यंत का पोचावा, हा माझा प्रश्न आहे. शेजाऱ्याला पोलिसांचा मित्र करणं वेगळं, आणि शेजाऱ्याच्या हातात काठी देणं वेगळं.

आपल्या भिवंडीची मोहल्ला कमिटी आठवा. सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर तिथे हवालदार आणि मोहल्ल्यातली दोन्ही धर्मांची माणसं एकत्र बसवली. या कमिट्यांना ना काठी, ना ओळखपत्राचा रुबाब. फक्त बोलायचं, एकमेकांची नावं माहीत करून घ्यायची. १९८४ मध्ये जळलेली भिवंडी १९९२-९३ ला शांत राहिली, शेजारची मुंबई पेटली असताना. यात नशिबाचा भाग किती, यावर वाद घालता येतो. पण कमिटीतल्या माणसामुळे कोणी ठाण्यात मेलं नाही.

चेन्नईच्या दक्षिणेला चेंगलपट्टूला मुलांसाठीचं सुधारगृह इंग्रजांच्या काळापासून आहे. २०२२ च्या शेवटच्या दिवशी तिथल्या सरकारी निरीक्षणगृहात १७ वर्षांचा एक मुलगा कर्मचाऱ्यांच्या मारहाणीत मेला. आरोप होता किरकोळ चोरीचा. कार्ड्यूच्या समितीनंतर १०० वर्षं, आणि मुलांसाठी पहिला कायदा करणाऱ्या प्रांतात. सरकारनं न्यायमूर्ती के. चंद्रू यांना चौकशीला बसवलं, तेच, ज्यांच्या वकिलीवर 'जय भीम' सिनेमा निघाला. तो सिनेमाही इरुलर जमातीच्या खोट्या चोरीच्या केसचाच आहे, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहा.

चेन्नईला गेलात तर एक करा. पुझलच्या कारागृहाजवळ, अंबत्तूर रस्त्यावर, कारागृह विभागाचा एक पेट्रोल पंप आहे, २०२३ पासून महिला कैदी चालवतात. गाडीत पेट्रोल भरून घ्या. पैसे मोजून घेणारी बाई शिक्षा भोगत असते आणि तिच्याकडे दिवसभराचा गल्ला असतो. पुढच्या भागात मुंबईच्या डोंगरीतल्या बालसुधारगृहावर बोलू. तिथे कोणी काम केलेलं असेल तर खाली जरूर लिहा.