अडथळ्यांची शर्यत आणि स्त्रियांचें बळ

कफ परेडच्या मच्छीमार नगरांत सकाळच्या प्रहरीं कोणी घटकाभर उभा राहिला, तर होड्या किनाऱ्यास लागलेल्या, जाळीं पसरलेलीं आणि भरल्या टोपल्या उचलून दोरखंड व चिखल चुकवीत लगबगीनें बाजाराची वाट धरणाऱ्या कोळणी त्याच्या दृष्टीस पडतील. ‘स्त्रीचें शरीर नाजूक, त्यास श्रम सोसत नाहींत’ असें त्यांस कोणी सांगितलें तर त्या बहुधा हंसतील. परंतु हेंच वाक्य गेल्या शतकांत मोठमोठ्या क्रीडाधुरीणांनीं गंभीरपणें उच्चारलें आणि त्याच्या आधारावर स्त्रियांस मैदानाबाहेर ठेविलें. त्या इतिहासांतील अडथळ्यांच्या शर्यतीचें प्रकरण आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८९६ सालीं अथेन्स येथें अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांस आरंभ झाला तेव्हां त्यांत एकहि स्त्री नव्हती. आणि त्यांचे प्रवर्तक कूबेर्तँ यांस ती असावी असें पुढेंहि कधीं वाटलें नाहीं. अखेर अ‍ॅलिस मिल्या या फ्रेंच बाईंनीं पुढाकार घेऊन १९२२ सालीं पॅरिस येथें स्त्रियांचे स्वतंत्र जागतिक सामने भरविले. त्याचा परिणाम होऊन १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें मैदानी खेळांचे पांच प्रकार स्त्रियांस खुले झाले. त्यांपैकीं ८०० मीटरच्या शर्यतीनंतर कांहीं मुली थकून बसल्या, एवढ्यावरून वर्तमानपत्रांनीं काहूर माजविलें. पहिली आलेली जर्मनीची लीना राडके हिनें २ मिनिटें १६·८ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, ही गोष्ट त्या गोंगाटांत बुडाली. ती शर्यत जी बंद पडली ती १९६० पर्यंत. पुरुष थकला तर तो पराक्रम आणि स्त्री थकली तर तो अपघात, असा हा न्याय होता!

याच पार्श्वभूमीवर १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें स्त्रियांची ८० मीटर अडथळ्यांची शर्यत प्रथम ऑलिंपिकमध्यें आली. अंतर आंखूड, अडथळे आठ, प्रत्येकाची उंची ७६·२ सेंटिमीटर. बेब डिड्रिक्सन व एव्हलिन हॉल या दोघी अमेरिकन मुली ११·७ सेकंदांतच रेषेवर पोंचल्या आणि पंचांनीं डिड्रिक्सन हिच्या बाजूनें कौल दिला. पुढें १९४८ सालीं लंडन येथें हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कून हिनें, दोन मुलांची आई असतां, ही शर्यत जिंकली. मातृत्वानें शरीर निकामी होतें या समजुतीस याहून चोख उत्तर तें कोणतें?

ही शर्यत उड्या मारण्याची आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. हवेंत जाणारा प्रत्येक क्षण हा वेगाचा तोटा असतो. म्हणून धांवणारी अडथळ्यावरून उडत नाहीं, तर जवळजवळ त्यास घांसून जाते. पुढचा पाय सरळ टाकावयाचा, मागचा बाजूनें दुमडून आणावयाचा, आणि दोन अडथळ्यांमध्यें बरोबर तीन पावलें पाडावयाचीं. एक पाऊल चुकलें कीं सारा ताल बिघडतो. धांवतांना अडथळ्यास पाय लागून तो पडला, तरी तेवढ्यानें कोणी बाद होत नाहीं. मात्र गति मंदावते.

आपल्या देशांत पहिले आशियाई सामने १९५१ सालीं दिल्लीस भरले. त्यांत रोशन मिस्त्री हिनें १०० मीटरमध्यें रौप्य आणि वांद्र्याची मेरी डिसूझा हिनें २०० मीटरमध्यें कांस्यपदक मिळविलें. मुलींच्या रिलेसहि रौप्य लाभलें. पुढील वर्षीं हेलसिंकी येथें मेरी डिसूझा व बंगालची नीलिमा घोष या दोघी स्वतंत्र भारताच्या पहिल्या स्त्री-धांवपटू म्हणून ऑलिंपिकमध्यें उतरल्या. मेरी १०० व २०० मीटर धांवली. नीलिमेनें १०० मीटरबरोबर ८० मीटर अडथळ्यांची शर्यतहि घेतली. दोघींचीहि मजल पहिल्या फेरीपलीकडे गेली नाहीं. परंतु मेरीनें दोनच वर्षांनीं, १९५४ सालीं, मनिला येथें रिलेचें सुवर्णपदक आणणाऱ्या चौघींत स्थान मिळविलें. हरलेल्या शर्यतीचा हिशेब लगेच मिटवूं नये, तो असा.

१९७२ सालीं म्युनिक येथें ८० मीटरच्या जागीं १०० मीटरची शर्यत आली. अडथळे दहा झाले व त्यांची उंची सुमारें ८४ सेंटिमीटर झाली. या नव्या शर्यतींत ऑलिंपिकच्या मैदानावर भारतीय मुलगी दिसावयास मात्र २०२४ साल उजाडावें लागलें. ती विशाखापट्टणची ज्योति याराजी. तत्पूर्वीं १ ऑक्टोबर २०२३ रोजीं हांगचौ येथील आशियाई सामन्यांत घडलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. चीनची वू यान्नी इशाऱ्यापूर्वींच सुटली आणि तिच्या शेजारच्या ज्योतीवरहि दोष आला. ज्योतीनें जागेवरच दाद मागितली, हट्ट सोडला नाहीं. अखेर दोघींसहि धांवूं दिलें गेलें. मागाहून वू बाद ठरली आणि तिसरी आलेली ज्योति १२·९१ सेकंदांच्या वेळेवर रौप्यपदकाची धनी झाली.

हा प्रसंग आम्हांस पदकाहून मोलाचा वाटतो. मैदानावरचे दहा अडथळे मोजून मांडलेले असतात. त्यांची उंची ठाऊक असते, अंतर ठाऊक असतें. परंतु ‘तूं बाहेर हो’ असें सांगणारा अडथळा पुस्तकांत आंखलेला नसतो, आणि मिल्याबाईंपासून ज्योतीपर्यंत प्रत्येकीस तो आधीं ओलांडावा लागला. आपल्या घरांतील मुलगी संध्याकाळीं मैदानावर जाऊं म्हणते, तेव्हां अभ्यासाचें, अंधाराचें, लोकांच्या बोलण्याचें कारण काढून आपण जें उत्तर देतों, तें याच जातीचें नाहीं ना, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकवार मनाशीं तपासून पाहावें. कोळणीच्या डोईवरील टोपलीचें ओझें आपण शतकानुशतकें निमूट पाहत आलों; तिच्या मुलीच्या पायांतील वेगाची तेवढी भीति वाटावी, याचें कारण तिच्या शरीरांत नसून आपल्या मनांत आहे.