चेटकिणीचे नाव, पऱ्हाटीची साक्ष

तेल्हाऱ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याकडून पूर्णेकडे उतरत जाणाऱ्या काळ्या वावरांत, खरिपाच्या ज्वारीत एखाद्या वर्षी कोड्यात टाकणारे दृश्य दिसते. पाऊस वेळेवर झालेला असतो, माती हाताला ओली लागते, तरी पाने सुरळी होऊन कडेने करपलेली असतात आणि ताटे गुडघ्याशीच खुंटलेली. त्याच ताटांच्या बुंध्याशी वीतभर उंचीचे, खरखरीत पानांचे, इवल्या पांढऱ्या फुलांचे एक रोप उभे असते. हा टारफुला. हिंदी मुलुखात त्याला अगिया म्हणतात. करपलेले पीक पाहिल्यावर त्या नावाचे कारण विचारावे लागत नाही. इंग्रजीत त्याला 'विचवीड' म्हणतात, म्हणजे चेटकिणीचे तण.

असे नाव ऐकले की काल्पनिक साहसखेळांतल्या, माणसाला वेढून गिळणाऱ्या जादुई वनस्पती आठवतात. त्यांच्या पूर्वजांपैकी एक कागदावर सापडतो. एप्रिल 1874 मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राने मादागास्करमधील नरभक्षक झाडाची हकिकत छापली. सांगणारा म्हणून कार्ल लिखे नावाच्या जर्मन संशोधकाचे नाव दिले होते. पुढे विली ले या लेखकाने 1955 मध्ये हा पुरावा तपासला. तो संशोधक, ती जमात आणि ते झाड, तिन्ही कल्पित असल्याचा त्याचा निष्कर्ष होता. त्या हकिकतीमागे नमुना नव्हता, आणि दुसऱ्या कोणी ते झाड पाहिलेही नव्हते. टारफुल्याला याच दोन कसोट्या लावून पाहू.

पहिला कागद नावाचा. जुआँव द लोरेरो या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्याने 1790 मध्ये लिस्बनहून 'फ्लोरा कोचिनचिनेन्सिस' प्रसिद्ध केले आणि त्यात टारफुल्याच्या प्रजातीला (जीनस) 'स्ट्रायगा' हे नाव दिले. लॅटिनमध्ये स्ट्रायगा म्हणजे चेटकीण, हे स्पष्टीकरण सर्वत्र सांगितले जाते. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ओळ किंवा तास असा आहे, आणि चिकटून बसलेल्या राठ केसांच्या पानाला वनस्पतिशास्त्रात याच धातूवरून आलेला शब्द वापरतात. टारफुल्याच्या पानावरून उलटे बोट फिरवले तर ते कानशीसारखे खरखरते. म्हणून 1790 चे नाव निश्चित, त्यातली चेटकीण मात्र संशयित. ती नंतरच्या वाचकांनी तिथे बसवली असणे मला अधिक संभवनीय वाटते.

दुसरा पुरावा आपल्या मुलुखाच्या जवळ येतो. हुकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या 1885 च्या चौथ्या खंडात आणि थिओडोर कुकच्या 1901 ते 1908 मधील मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात स्ट्रायगाच्या जाती वर्णन केलेल्या आहेत. हे वर्णन वाळवून जपलेल्या नमुन्यांवर उभे आहे, त्यामुळे वनस्पती होती हे पक्के. नुकसान किती होई, हे मात्र असे ग्रंथ सांगत नाहीत. तो त्यांचा विषयच नव्हे. 1910 चे अकोला जिल्ह्याचे गॅझेटियर शेजारी ठेवले की चित्र थोडे भरते. कापूस आणि ज्वारी ही जिल्ह्याची दोन मुख्य पिके होती. ज्वारी, म्हणजे टारफुला ज्याच्या मुळांवर जगतो ते यजमान पीक, मोठ्या क्षेत्रावर होती, इतके यावरून म्हणता येते.

नुकसानीचा शोध दक्षिण आफ्रिकेतून सुरू होतो. तिथे पिअर्सन यांनी 1913 मध्ये आणि सॉन्डर्स यांनी 1933 मध्ये या तणावर सरकारी पत्रिका लिहिल्या. तिथले स्थानिक नाव 'रॉयब्लूम', म्हणजे लाल फूल. आपल्याकडे तेच फूल पांढरे असते. पुण्याच्या कुमार आणि सॉलोमन यांनी 1941 मध्ये मुळांवर जगणाऱ्या सपुष्प परोपजीवींच्या यजमान पिकांची यादी प्रसिद्ध केली. अशा कामांतून या तणाची रीत उलगडत गेली. बी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढे, चिमटीत घेतले तर तपकिरीच्या पुडीसारखे. एका रोपाला हजारो बिया येतात आणि त्या मातीत दहा-दहा वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, जिवंत राहतात. ओल आणि ऊब मिळाली तरी बी उगवत नाही. यजमानाचे मूळ जवळ आल्याची खूण त्याला लागते. उगवल्यावर ते मुळाला चिकटते, आत शिरते आणि पाणी व अन्न ओढू लागते. कित्येक आठवडे ते जमिनीखालीच असते. फूल दिसते तोवर ज्वारीची बरीच हानी झालेली असते. डवरा आणि विळा उशिरा पोचतात.

मग ही खूण कोणती? तिचा माग अनपेक्षित ठिकाणी लागला. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील मका कशाने खुंटतो हे कळत नव्हते. 1956 मध्ये तिथे शिकायला आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने ते तण ओळखले, कारण त्याने ते मायदेशी ज्वारीत पाहिले होते. त्याने ते कोणत्या वावरात पाहिले, हे या हकिकतीत येत नाही. तण अमेरिकेत कसे पोचले, हेही सिद्ध झालेले नाही. तिथली फुले आफ्रिकेसारखी लाल होती, हा एक धागा हाती आहे. धाग्यावरून वाट ठरत नाही. पुढे सुमारे 1,75,000 हेक्टर बाधित क्षेत्र आढळले. मातीत इथिलीन वायू सोडून बी यजमानाविना उगवायला लावायचे आणि उपाशी मारायचे, हा तिथल्या तणनिर्मूलन मोहिमेचा मोठा उपाय ठरला.

त्याच मोहिमेच्या काळातला, 1966 चा 'सायन्स' नियतकालिकातला कुक (हे थिओडोर कुक नव्हेत) आणि सहकाऱ्यांचा निबंध मला या साऱ्या कागदांत सर्वांत मोलाचा वाटतो. बी जागे करणारे द्रव्य त्यांनी वेगळे काढले आणि त्याला स्ट्रायगॉल हे नाव मिळाले. रचना 1972 मध्ये ठरली. ते ज्वारीच्या किंवा मक्याच्या मुळांतून काढलेले नव्हते. ते कापसाच्या मुळांच्या स्रावातून मिळाले होते. कापूस हा या तणाचा यजमान नव्हे. बी त्याची हाक ऐकून उगवते, चिकटायला योग्य मूळ सापडत नाही, आणि थोड्याच दिवसांत मरते.

हा निबंध वाचला की 1910 च्या गॅझेटियरकडे परत जावे लागते. वऱ्हाडात ज्वारी आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आलटून पालटून घेण्याची रीत जुनी आहे. म्हणजे ज्या वावरात टारफुल्याचे बी साठत होते, त्याच वावरात दुसऱ्या वर्षी त्याला फसवणारे पीक उभे राहत होते. रीत निश्चित आणि स्रावाचा गुणही निश्चित. शेतकऱ्यांनी टारफुल्यासाठीच ही फेरपालट बसवली, असे म्हणायला मात्र आधार नाही. कडबा, धान्य, कापसाचा भाव आणि जमिनीचा कस ही कारणे पुरेशी होती. फेरपालटीने बियांचा साठा घटत असावा, हे माझे अनुमान. पूर्ण नष्ट होत नव्हता, हे आजही दिसणाऱ्या पांढऱ्या फुलांवरून उघड आहे.

एक प्रश्न मात्र चाळीस वर्षे तसाच राहिला. आपला घात करणारी खूण झाडाने मुळातून द्यावीच का? 2005 मध्ये अकियामा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये उत्तर दिले. स्ट्रायगॉलच्या वर्गातली द्रव्ये मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला बोलावण्यासाठी असतात. ही बुरशी मातीतला स्फुरद झाडाला मिळवून देते. 2008 मध्ये याच वर्गातली द्रव्ये झाडाच्या फांद्या फुटण्यावरही ताबा ठेवतात, असे दोन गटांनी दाखवले. हाक मित्रासाठी होती. टारफुल्याने ती चोरून ऐकली.

टारफुल्याचा नमुना आहे, साक्षीदार अनेक आहेत, प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. मादागास्करचे झाड कागदाबाहेर कधी आलेच नाही. टारफुल्याचे उलट झाले आहे: त्याच्या कहाणीतला मोठा भाग अजून कागदावर यायचा आहे. ज्वारी काढून पऱ्हाटी लावलेल्या वावरात पहिल्या पावसानंतर मातीखाली किती बिया फसून उगवतात आणि मरतात, याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. पऱ्हाटी वाढत राहते, आणि तिने काय राखले ते पुढच्या हंगामातली ज्वारीच सांगते.