वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली का?

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर रुग्णाला शब्द सापडेनासे झाले की घरचे हळूच विचारतात, "डॉक्टर, बाबांना आता काही कळत नाही का?" याचं एक उत्तर १८६१ सालीच पॅरिसमध्ये मिळालं होतं.

तिथल्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा रुग्ण होता. काहीही विचारा, तोंडून जवळजवळ फक्त 'तान' एवढंच निघे. सर्जन पॉल ब्रोका यांनी विचारलं, इथे किती वर्षं आहात? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. २१ वर्षं. अगदी बरोबर! काही दिवसांतच तो गेला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा दिसली. बोलणं असं हरवण्याला आपण वाचाघात म्हणतो. (काहींना मात्र बोललेलं समजणंही जड जातं, तो प्रकार वेर्निके यांनी १८७४ मध्ये मांडला.)

आपल्या पनवेलमध्ये घरात आगरी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी असं सर्रास चालतं. अशा बहुभाषी मेंदूचा मोठा अभ्यास आपल्याच देशात, हैदराबादला झाला. तिथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. निरक्षरांतही हा फरक दिसला, म्हणजे सगळं श्रेय शाळेला देता येत नाही.

पुढे २०१६ मध्ये पॅरालिसिसच्या ६०८ रुग्णांचे निष्कर्ष आले. झटक्यानंतर स्मरण, लक्ष, विचार शाबूत राहिलेले रुग्ण बहुभाषकांत ४०.५ टक्के, तर एकभाषकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणजे जास्त भाषांनी वाचा वाचवली असं दिसत नाही, बाकीची बुद्धी सावरायला मदत केली असावी. एक भाषा दाबून दुसरी काढायची, हा मेंदूचा रोजचा व्यायाम त्यामागे असावा असं संशोधकांना वाटतं. अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, पण मला हे पटतं.

मग रुग्णाशी कोणत्या भाषेत बोलायचं? रोजच्या वापरातली भाषा आधी परत येते, असं फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये नोंदवलं. नेहमीच तसं होतं असं नाही. तरी आजोबा आयुष्यभर आगरीत बोलले असतील, तर सुरुवात आगरीतच करा. हो-नाही असं मानेने सांगता येईल असे छोटे प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या. आणि "यांना काही कळत नाही" हे त्यांच्यादेखत बोलू नका.