मणके जुळेपर्यंत

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये दोन सर्जन एकाच कल्पनेवर वेगवेगळे काम करत होते. रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी. दोघांसमोरचे रुग्ण मणक्यांच्या क्षयाचे, आणि त्यात लहान मुलं पुष्कळ. क्षयाने मणका पोखरला की पाठ पुढे वाकते, कुबड येतं. हिब्जनी मणक्यांच्याच मागच्या हाडाचे तुकडे एकमेकांना टेकवून ते जुळू दिले. आल्बीनी रुग्णाच्या नडगीचं हाड काढून ते पाठीत बसवलं. याला मराठीत अस्थिकलम म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे. कोकणात आंब्याचं कलम बांधतात तेव्हाही हेच करतात: दोन जिवंत भाग एकत्र बांधायचे आणि एकजीव होईपर्यंत हलू द्यायचे नाहीत.

हे 'हलू न देणं' म्हणजेच त्या काळची वेदनेवरची मुख्य उपाययोजना होती. आठवडेच्या आठवडे पाठीवर किंवा पोटावर पडून राहायचं. पुढे पाठीच्या बाकासाठी हीच शस्त्रक्रिया होऊ लागली, तेव्हा मुलांना मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये घालून महिनोन्महिने झोपवून ठेवत. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हाडांचे कोन सापडतात, प्लास्टरचे महिने सापडतात, हाड जुळलं की नाही हे सापडतं. त्या मुलांना रात्री काय होत होतं ते मात्र फारसं सापडत नाही. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या मुलांसाठी पाठीत बसवायच्या धातूच्या सळ्या तयार केल्या आणि १९६२ साली त्यांबद्दल लिहिलं, तरी प्लास्टर लगेच सुटलं नाही. पुढे थेट मणक्यात बसणारे स्क्रू आले आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करणं शक्य झालं. स्क्रू मणके जुळवत नाहीत, ते फक्त धरून ठेवतात. जुळतं हाडच, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं.

या शस्त्रक्रियेचा सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण म्हणजे जॉन केनेडी. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कमरेत धातूची पट्टी बसवून मणके जुळवण्याचा प्रयत्न झाला. वय ३७, सिनेटर, आणि ॲडिसनचा आजार असल्यामुळे कुठलीही शस्त्रक्रिया जिवावरची. संसर्ग झाला, ते बेशुद्धीत गेले, अंतिम विधींसाठी धर्मगुरूला बोलावण्यात आलं. फेब्रुवारी १९५५ मध्ये पट्टी काढावी लागली. सक्तीच्या त्या विश्रांतीत, टेड सोरेन्सन यांच्या भरपूर मदतीने, 'प्रोफाइल्स इन करेज' हे पुस्तक तयार झालं आणि १९५७ साली त्याला पुलित्झर मिळालं. वेदनेवर मात करून पुस्तक लिहिणारा तरुण नेता, ही गोष्ट अमेरिकेला फार आवडली. ती खोटी नव्हती, पण अर्धी होती. २००२ साली इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना केनेडींचे वैद्यकीय कागद पाहायला मिळाले, तेव्हा कोडीन, डेमेरॉल, मेथॅडोन अशी औषधांची यादी समोर आली. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल दुखऱ्या स्नायूंत प्रोकेनची इंजेक्शनं देत. झुलत्या खुर्चीचा सल्लाही त्यांचाच. १९६१ साली हान्स क्राऊस यांनी व्यायाम सुरू करून दिला आणि पाठ खऱ्या अर्थाने सुधारली ती त्यानंतर. एकूण काय, केनेडींनी सोसलं आणि औषधही घेतलं. यात विसंगती काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडे मात्र सोसणं आणि औषध यांच्यात जुनं वैर आहे. गेल्या वर्षी इथे अमेरिकेत माझ्या कमरेचे दोन मणके जुळवले गेले, तेव्हा आई साताऱ्याहून दोन महिने आली होती. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून पहिलं वाक्य, "अगं, हे अफूतलंच ना? जमेल तेवढं सोस." आईची भीती अडाणीपणाची नाही, तिला इतिहास आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि १८४५ साली सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. पुढे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळात कॅन्सरच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळेना. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी देखरेखीखाली अफू पिकत असताना! त्या कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडलं. दोन पिढ्यांनी माणसं मॉर्फिनविना तळमळत गेलेली पाहिली आणि त्यातून 'ते औषध वाईट' एवढंच मनात राहिलं.

अमेरिकेचा प्रवास नेमका उलटा. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली. हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले, देखरेखीखालचे. तरी पत्राचा हवाला शेकडो लेखांत असा दिला गेला की जणू घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही ते लागू आहे. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं. त्याच सुमारास वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीला पाचवं स्थान देण्याची चळवळ उभी राहिली. पुढचा अनर्थ सर्वांना माहीत आहे. आता लंबक दुसऱ्या टोकाला आहे. मला घरी पाठवताना गोळ्या मोजून थोड्याच दिवसांच्या दिल्या, आणि पुढच्या गोळ्यांसाठी फोन केला तेव्हा पलीकडचा आवाज बदललेला स्पष्ट ऐकू आला. आईला गोळ्या जास्त वाटत होत्या, दवाखान्यालाही जास्तच वाटत होत्या. रात्री तीन वाजता कुशीवर वळायची वेळ आली की दोघंही जवळ नसत.

त्या वळण्याबद्दल थोडं लिहायला हवं, कारण मणके जुळवल्यानंतरचे पहिले सहा आठवडे म्हणजे बहुतांशी तेच. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी, ओंडका लोटावा तसे वळवायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांच्या जोराने उठायचं. याची सवय आधी केलेली बरी. गोळीचा असर शिगेला असताना चालायचं आणि आंघोळ करायची, असर उतरल्यावर नाही. ओपिऑइडने पोट बांधलं जातं आणि कुंथणं टाक्यांच्या पाठीला सोसत नाही, तेव्हा इसबगोलाला नाकं मुरडू नयेत. (या बाबतीत आईचं आणि डॉक्टरांचं पहिल्यांदा एकमत झालं.)

काय होणार आहे ते आधी माहीत असणं हेही औषधच आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञांनी १९६४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या जवळपास रुग्णांना आदल्या रात्री सांगितलं की दुखणार आहे, कुठे दुखेल, किती काळ, स्नायू कसे सैल सोडायचे, कसं वळायचं. कोणाला सांगितलंय हे सर्जनांना माहीत नव्हतं. सांगितलेल्यांना मॉर्फिनसारखी औषधं सुमारे निम्मीच लागली आणि ते दोनाहून अधिक दिवस आधी घरी गेले. या प्रयोगाला खर्च जवळजवळ शून्य होता. मला वाटतं, म्हणूनच त्याची जाहिरात कोणी केली नाही.

आता प्रश्न भाषेचा. नर्स विचारते, शून्य ते दहा, किती दुखतंय? मी 'सहा' म्हणायचे. कशाचं सहा? रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली मॅकगिल प्रश्नावली केली ती याच अडचणीतून. तीत वेदनेची वर्णनं करणारे ७८ इंग्रजी शब्द गटागटांनी मांडले आहेत. मी ती वाचताना मराठी शब्द समोर लिहीत गेले. ठणका, ठसठस, कळ, सणक, चमक, उसण, भगभग, ओढ, चावल्यासारखं, मुंग्या. हे एकमेकांचे पर्याय नाहीत. कापलेल्या स्नायूंचा असतो तो ठणका. मांडीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज जावी तशी जाते ती सणक, आणि ती नसेची. दोन्हींवरची औषधं वेगळी आहेत, 'सहा' मात्र एकच.

म्हणून मी वही ठेवली. वेळ, शब्द, काय करत होते, कोणती गोळी. फिजिओथेरपिस्टला इंग्रजीत समजावून सांगताना 'ठणका' शब्दाला तीन वाक्यं लागली, पण ती तिने लिहून घेतली, आणि नसेचं औषध वाढवून ओपिऑइड कमी करण्याचं डॉक्टरांकडून ठरलं ते त्या नोंदींवरून. दहाव्या आठवड्यानंतर वहीत 'सणक' येत नाही. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेत दोन मणक्यांमध्ये हाडाची पुसटशी साय धरलेली दिसली. 'ओढ' अजून लिहिली जाते, बहुतेक संध्याकाळी, भांडी घासून झाल्यावर.