पंचेचाळीसचे पिस्तूल

मंडळी, एखाद्या वाड्यात भिंतीला टांगलेली बारा बोअरची बंदूक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. हे बारा कशाचे? तर एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, म्हणजे त्यातली एक त्या नळीत नेमकी बसते. पिस्तुलाचा हिशेब निराळा. तिथे नळीचा व्यास मोजतात, त्याला म्हणायचे कॅलिबर. पंचेचाळीसचे पिस्तूल म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश. गुरुजींनी मुलांकडून गुणाकार करून घ्यावा, 11.43 मिलिमीटर उत्तर येईल.

या पंचेचाळीसवर अमेरिकन शिपायाचा जीव कसा जडला, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

1898 साली अमेरिकेने स्पेनकडून फिलिपाइन्स बेटे घेतली. घेतली खरी, पण तिथल्या लोकांना विचारतो कोण? लोक लढायला उठले. दक्षिणेकडचे मोरो तर 1913 पर्यंत लढत राहिले. फौजेजवळ तेव्हा 1892 साली निवडलेले अडतीसचे रिव्हॉल्व्हर होते. हलके, हाताला सोपे. पण तक्रारी येऊ लागल्या, की मोरो रुंद पात्याची बारोंग उपसून अंगावर येतो, गोळ्या लागतात, तरी थांबत नाही. तो मागाहून मरेलही, पण आधी समोरच्याला कापून! शेवटी 1873 च्या नमुन्याची जुनी पंचेचाळीसची रिव्हॉल्व्हरे पुन्हा बाहेर काढावी लागली. आपला मुलूख राखणाऱ्याची जिद्द सरकारी कागदात मात्र गोळीचा दोष म्हणून नोंदली गेली.

मग 1904 साली परीक्षा घ्यायचे ठरले. थॉम्सन हे दारूगोळा खात्याचे आणि लागार्ड हे लष्करी डॉक्टर. दोघे शिकागोच्या कत्तलखान्यात गेले. तिथे निरनिराळ्या कॅलिबरच्या गोळ्या जिवंत गुरांवर झाडल्या. माणसांची प्रेते टांगून, गोळी लागल्यावर ती किती झोके घेतात, तेही पाहिले. वाचताना अंगावर काटा येतो. बरे, एवढे करून उत्तर तरी स्वच्छ मिळाले का? तेही नाही. कुठे गोळी फुप्फुसात लागली, कुठे आतड्यात. मग तुलना करायची कशी? तरी अहवालात लिहिले गेले, की लष्करी पिस्तूल पंचेचाळीसपेक्षा लहान नसावे.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. गोळी मर्मी लागली नाही तर कोणतेही पिस्तूल भरवशाचे नाही, म्हणून शिपायाला नेमबाजी नीट शिकवा. हे वाक्य कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. आकडा तेवढा राहिला! 1911 साली ब्राउनिंगने रचलेले पंचेचाळीसचे पिस्तूल फौजेने घेतले आणि दोन्ही महायुद्धे त्यावर काढली. म्हातारे शिपाई त्याचे नाव काढले, की दुसरे ऐकून घेत नसत.

1985 साली ते जाऊन 9 मिलिमीटरचे आले. मित्रराष्ट्रांची काडतुसे एकमेकांना चालावीत, हे एक कारण होते. आता पाहा गंमत. 9 मिलिमीटर म्हणजे इंचाचे सुमारे पस्तीस शतांश. आणि ते टाकून दिलेले अडतीस? ते नावालाच अडतीस. त्याची गोळीही छत्तीस शतांशांच्या आसपासचीच. फरक वेगाचा. जुनी गोळी सेकंदाला साडेसातशे फुटांच्या आसपास जाई, नवी अकराशेच्या वर जाते. 2017 साली अमेरिकन फौजेने पुन्हा पिस्तूल बदलले. कॅलिबर मात्र 9 मिलिमीटरच ठेवले.